डाव्या हाताचा फाल्गुन

दिल्लीत पानगळ फाल्गुनात होते. पुण्याच्या मावसभावाला हे सांगितलं की तो म्हणतो, तुमच्याकडे सगळंच उलटं. आहे खरं उलटं. थंडी उठून जायच्या बेतात असते, उन्हाला जरा धार चढते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात कडुनिंब नि पिंपळ कुणी ओरबाडून काढल्यासारखे उघडे पडतात. सावरीला तर फुलंही नीट टाकता येत नाहीत. वाटीएवढं लाल, जाडजूड फूल थेट गाडीच्या टपावर आदळतं, धप्प. गुडगावातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी अशी तीन झाडं आहेत. त्यांच्याखाली गाडी कुणी लावायची यावरून दरवर्षी एक तरी भांडण हातघाईवर येतं. परवाच दोन चांगले शिकलेसवरलेले गृहस्थ एकमेकांची कॉलर धरून उभे होते आणि वरून फुलं पडत होती.

मी अकराव्या मजल्यावर राहतो. खाली टेनिसची अकादमी आहे, निळ्या कोर्टांची. संध्याकाळी पाचला सुरू होते ती सात-साडेसातपर्यंत ठक, ठक, ठक. खिडकी लावली तरी ऐकू येतं. सावरीचं धप्प आणि चेंडूचं ठक एकाच संध्याकाळी कानांवर पडायला लागलं की माझ्या डाव्या हाताची अनामिका दुखू लागते. ती वाकत नाही. तीसेक वर्षं झाली, ताठच आहे. डॉक्टर म्हणतो, हवा बदलते ना, त्यामुळे. हवा कसली डोंबलाची! मला चांगलं माहीत आहे ते कशामुळे.

मी डावखुरा आहे. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये हे वाक्य कुणी उच्चारलं नाही. तिथे मी 'डाव्या हाताची खोड असलेला' होतो. खोड मोडायची असते. बाबा केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि त्यांनी ऑफिसातून एक रूळ आणला होता, रेघा मारायचा, गोल, काळा, हातभर लांबीचा. आमच्या घरात त्याने एकही रेघ मारली नाही. तो देवघराशेजारच्या खुंटीला असायचा. प्रसादाला डावा हात पुढे आला, रूळ. पाण्याचा पेला डाव्याने उचलला, रूळ. पाटीवर डाव्याने श्री काढला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्या दिवशी बोटांची पेरं इतकी सुजली की आईने रात्रीचा भात भरवला. मग तिने तिच्या पद्धतीने उपाय काढला. जेवायला बसलं की माझं डावं मनगट ती सुती नाडीने खाटेच्या पायाला बांधायची. गाठ सैल असायची, मारापासून वाचवायला बांधत होती बिचारी, पण बांधत होती.

बाबा तसे तापट नव्हते, हे सांगितलं पाहिजे. शेजाऱ्यांशी आवाज चढवून बोलले नाहीत. दर शुक्रवारी आईसाठी गजरा आणत, आणि दिल्लीत गजरा शोधणं म्हणजे साधं काम नव्हे. फक्त माझा डावा हात दिसला की त्यांच्या डोळ्यांत काहीतरी फिरायचं. त्यांचा स्वतःचा डावा अंगठा वाकडा होता, सांध्यापाशी आत वळलेला. लहानपणी दारात सापडला, असं आई सांगायची. ते स्वतः त्याबद्दल बोलत नसत. चारचौघांत तो हात पँटच्या खिशात असायचा.

इथल्या मुलांची होळी महिनाभर आधी सुरू होते. पाण्याचे फुगे. फुगे कसले, गोळेच ते. गच्चीवरून नेम धरून मारायचे. सायकलवाला, दूधवाला, कॉलेजची मुलगी, कुणाची गय नाही. पाठीवर बसला की दोन दिवस निळं राहायचं. मी गच्चीवर डाव्याने मारायचो, आणि माझा नेम चुकत नसे. खाली एकदा एका माणसाचा चष्मा फुटला. मी टाकीमागे लपलो आणि मनात म्हटलं, वा! काय ती मजा होती, आजही खोटं बोलवत नाही.

हा हात कामाचा आहे असं पहिल्यांदा म्हणणारा माणूस धरमबीर. जवळच्या एका क्लबात तो मार्कर होता. साहेब लोकांना खेळायला जोडीदार हवा असतो; पगारावर त्यांच्याशी खेळणारा, त्यांना हवे तसे चेंडू देणारा तो मार्कर. गुडगावच्या बाजूच्या एका गावातला जाट गडी, काळा, ताडमाड. मी दहा वर्षांचा असताना क्लबाच्या भिंतीवरची जांभळं दगड मारून पाडत होतो. त्याने मला पकडलं, कान पिरगाळला, आणि मग कान धरूनच विचारलं की हा दगड कोणत्या हाताने मारलास. मला वाटलं, इथेही रूळ. त्याने एक जुनी रॅकेट माझ्या डाव्या हातात कोंबली आणि म्हणाला, "इसी से मार."

दहा वर्षं मी दोन हातांचा संसार केला. घरात उजव्याने जेवायचं, लिहायचं, आरती ओवाळायची, कोर्टावर डावा. बाबांना मी टेनिस खेळतो हे ठाऊक होतं, कुठल्या हाताने ते ठाऊक नव्हतं, कारण ते कधी बघायलाच आले नाहीत. अभ्यास सांभाळून करतोय ना, मग करू दे, एवढंच. आईला माहीत होतं. माझ्या डाव्या तळव्याचे घट्टे तिला रोज ताट देताना दिसायचे. ती बोलली नाही.

मग ती वर्षं आली. देश उघडला म्हणत. केबल आली, परदेशी कोला आला, कॉलनीत एकाकडे पांढरी मारुती आली आणि तिला दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी खिळ्याने ओरखडे काढले. खासगी बसगाड्या एकमेकींशी शर्यत लावत आणि दिवसाआड कुणाला तरी चिरडत. धरमबीरच्या गावात बुलडोझर शिरले, उभ्या गव्हातून. जमीन कुणी विकली, कुणी नाही, यावरून त्याच्या भावाभावांत लाठ्या चालल्या. तो एक दिवस कपाळाला सात टाके घेऊन कोर्टावर आला आणि त्याच अवस्थेत साहेबांना दोन सेट खेळवले. मी आज जिथे राहतो ते टॉवर त्याच गव्हात उभे आहेत, असा माझा अंदाज आहे. कुणाला विचारायची हिंमत केली नाही.

मी विशीत होतो तेव्हाच्या फाल्गुनात डेव्हिस कपची लढत दिल्लीला आली. देशादेशांची ही पुरुषांची स्पर्धा. तीन दिवस, चार एकेरी आणि एक दुहेरी, पाचांत तीन जिंकणारा पुढे. यजमानाला हवं ते मैदान निवडता येतं. आपण हिरवळ निवडली, कारण गवतावर चेंडू सटकतो, खाली राहतो, नि पाहुणे गोंधळतात. पण पाहुण्यांचा पहिल्या नंबरचा खेळाडू निघाला डावखुरा. डावखुऱ्याची सर्व्हिस उजव्या माणसाच्या बॅकहँडच्या बाजूने बाहेर, लांब पळते, आणि गवतावर तर अशी पळते की बघत राहावं. मग अशा वेळी करतात ते सुरू झालं. गावातले डावखुरे शोधा, आणि आठवडाभर त्यांच्याकडून आपल्या खेळाडूवर सर्व्हिसचा भडिमार करून घ्या. धरमबीरने माझं नाव दिलं.

एकूण आम्ही तिघे जमलो. पहिल्या दिवशी आपला खेळाडू, त्याचं नाव इथे नको, नेटपाशी आला आणि म्हणाला की बाहेर तर टाकच, पण मध्येमध्ये सरळ अंगावर मार. मी बिचकून हळू मारला. तो ओरडला, "अंगावर म्हणजे अंगावर, यार. तोड़ दे मुझे." मी मारला. बरगडीवर बसला. त्याने श्वास घेतला, मान हलवली आणि बोटाने खूण केली, आणखी.

त्या आठवड्याबद्दल मला लाज वाटायला हवी, पण नाही वाटत. सकाळी दोनशे, दुपारी दोनशे. ज्या हाताला जन्मभर बांधलं त्याला एक भला माणूस सांगत होता की जितकं जोरात मारशील तितकं चांगलं, देशाला हवं आहे ते. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की नेटपलीकडे मला तो खेळाडू दिसतच नाहीये. पांढऱ्या कपड्यांत बाबा उभे आहेत. चष्मा लावलेले, डावा हात खिशात. मी कपाळावर नेम धरत होतो. एकदा खेळाडूच्या खांद्यावर एवढा मोठा वळ उठला की संघाचा मालीशवाला बर्फ घेऊन धावला, आणि मी बेसलाइनवर उभा राहून हसत होतो. धरमबीरने माझ्याकडे बघितलं आणि पुढचे चेंडू देण्याआधी जरा थांबला.

बुधवारी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. गुरुवारी सकाळी फोटो छापून आला. आपला खेळाडू मागच्या बाजूला पुसट, आणि पुढे मी, डावा हात आकाशात, कोपर वर, खांदा उघडलेला, मनगट आता सुटणार असं. खाली माझं नाव, आडनावासकट.

बाबांनी तो दिवसभर पाहिला नाही. संध्याकाळी ते ऑफिसातून परस्पर कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या सदनात गेले, होळीच्या जेवणाची तयारी ठरवायला मराठी मंडळींची मीटिंग होती. तिथे परीक्षांच्या तयारीला आलेली लातूर-परभणीकडची मुलं वाचनखोलीत पडलेली असत. त्यांनीच पेपर पुढे केला. काका, तुमचा मुलगा तर लेफ्टी आहे, जबरदस्त! मग सगळ्यांनी गलका केला आणि पेढे मागवायला लावले. हे मला पुढे त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं. तुझे बाबा हसत होते, असंही तो म्हणाला.

सातच्या सुमाराला ते घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा, काखेत पेपर. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, पुडा देवापुढे ठेवला, नमस्कार केला. मग एक पेढा उचलून माझ्यासमोर धरला. म्हणाले, "घे." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा नेमकं काय होतं ते मी हजारदा आठवून पाहिलंय. राग नव्हता, हे छातीवर हात ठेवून सांगतो. आणि माझा डावा हात पुढे गेला. सहा दिवस तो मोकळा फिरला होता, घरातली रीतच विसरला. देवापुढचा पेढा मी डाव्या हाताने घ्यायला गेलो.

त्यांचाही हात असाच आपोआप उठला असणार. पेढा खाली पडला, खुंटीवरचा रूळ हातात आला. पहिला मनगटावर बसला. दुसरा पेरांवर, त्याच जुन्या जागी. तिसऱ्यासाठी रूळ वर गेला आणि मी मारलं. थप्पड नव्हती ती. मूठ होती, आणि सर्व्हिसचाच हात होता, आठवड्याच्या हजारो चेंडूंनी तयार केलेला, वरून खाली, सगळं अंग घालून. चष्म्याची काच फुटल्याचा आवाज आला. ते कपाटावर आपटले आणि घसरत खाली बसले. भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. मी पुन्हा हात उचलला होता. बाबांनी मला अडवायला हात पुढे केला नाही. ते फक्त बघत होते, माझ्याकडे नव्हे, माझ्या मुठीकडे.

आई स्वयंपाकघरातून आली, हातांना कणीक. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज न चढवता म्हणाली, "जा. हात धू." मग पदर दाबून त्यांच्या भुवईवर धरला. मी नळाखाली हात धरला तेव्हा कळलं की रक्त थांबत नाहीये, कारण ते अर्धं माझं होतं. काच अनामिकेत आरपार गेली होती, बोट वाकवणारी आतली शीर तुटली होती.

सरकारी इस्पितळात आम्ही एकाच रिक्षातून गेलो. मध्ये आई, दोन बाजूंना दोघं, एकाच्या हाताला नि दुसऱ्याच्या डोक्याला तिच्याच साडीची चिंधी. तरुण डॉक्टरने विचारलं, कैसे हुआ. बाबा म्हणाले, बस से गिरे. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. दोनों? बाबा म्हणाले, "दोनों." त्या काळी बसवर सगळं खपायचं. त्याने पुढे विचारलं नाही.

शुक्रवारी मी लढत पाहायला गेलो, प्लास्टर घेऊन. पहिल्या गेमपासून तो डावखुरा पाहुणा आपल्याला बाहेर ओढत होता. लोक उभे राहून ओरडत होते, मार, मार दे, फाड़ दे साले को. शेजारचा एक गृहस्थ इतका ओरडला की त्याच्या तोंडातली थुंकी माझ्या प्लास्टरवर पडली. पाचव्या सेटमध्ये आपला खेळाडू हरला. अंगावर आलेली एकही सर्व्हिस त्याने सोडली नाही; बाहेर पळणाऱ्या सर्व्हिसनी घात केला. शेवटच्या सकाळची माझी दोनशे सर्व्हिस त्याला मिळाली असती तर? कुणी म्हणेल, कसला शहाणा! त्याने काय फरक पडणार होता? पडला नसता बहुधा. पण ती दोनशे मी घरी एका ठोशात खर्च करून आलो होतो, हे काही खोटं नव्हतं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. बोट वाकेना. रॅकेटचा दांडा धरला की तो तळव्यात फिरायचा. धरमबीरने दोन चेंडू बघितले, रॅकेट माझ्याकडून घेतली आणि चाकूने तिच्या तारा कापल्या, एकेक, टक टक. नुसती ताणलेली ठेवली तर फ्रेम वाकते, म्हणाला. मी तिथेच बाकावर बसून रडलो. त्याने रडू दिलं आणि साहेब आले तसा उठून गेला.

बाबांनी त्यानंतर कधी हात उगारला नाही. रूळ खुंटीवरून गेला. आईने तो बंबात घातला की काय, कुणी विचारलं नाही. आम्ही बोलायचो. बिलं, दूध, गॅस, माझी नोकरी, माझं लग्न. आई गेली तेव्हा घाटावर दोघं शेजारी उभे होतो. पण त्या गुरुवारबद्दल एक अक्षर नाही. मी माफी मागितली नाही, त्यांनीही नाही. त्यांची भुवई मधोमध तुटलेली राहिली, तिथे केस पुन्हा आले नाहीत. एवढी वर्षं मी जेवताना तिच्याकडे बघायचं टाळत आलो.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना झटका आला. आता ते माझ्याकडे असतात, ब्याऐंशी वर्षांचे. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण कळतं सगळं. उजव्या हातात ताकद यावी म्हणून डॉक्टरने चेंडू दाबायला सांगितला. खालच्या अकादमीतला एक चेंडू उडून बागेत आला होता, माझ्या मुलीने, सईने, तोच त्यांच्या अंथरुणाशी आणून ठेवला. उजवा दाबत नाही. आणि डावा ते वापरत नाहीत. पांघरुणाखाली ठेवतात, मांडीखाली दाबून. भरवलेलं खात नाहीत, डाव्याने खायला तयार नाहीत. दोन महिन्यांत नुसती हाडं राहिली. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी म्हणजे तुम्ही समजून घ्या. सई दिल्लीत वाढलेली. ती त्यांना म्हणते, "आजोबा, लेफ्टने खा ना यार, बिल्कुल इझी आहे." ते तोंड फिरवतात.

परवा दुपारी मी मऊ भात कालवून बसलो होतो. तासभर. त्यांनी ओठ मिटून घेतलेले. खिडकीखालून ठक ठक सुरू झालं होतं, कुणीतरी लवकर आलं असेल. आणि माझं डोकं फिरलं. मी त्यांचा डावा हात पांघरुणातून ओढून काढला. मनगट धरलं, दाबून, आवळून, आणि चमचा त्या मुठीत कोंबला. खा म्हणतो ना, ओरडलो मी. खा! त्यांचं मनगट माझ्या बोटांखाली लाल झालं होतं, ते मला दिसत होतं आणि मी सोडत नव्हतो. सई दारात उभी होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही. खाटेच्या पायाशी बसून मी असाच बघायचो.

त्यांनी हिसडा दिला. ब्याऐंशी वर्षांच्या त्या काटकीत इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. चमचा उडाला, भात भिंतीवर. आणि त्यांनी शेजारचा चेंडू उचलला आणि मारला. डाव्या हाताने. अंथरुणात अर्धवट बसून, पण कोपर वर, खांदा उघडलेला, मनगट शेवटच्या क्षणी सुटलेलं. तो माझ्या भुवईवर येऊन बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी मी ते पाहिलं होतं. तो फोटो माझ्या कपाटात अजून आहे, तो हात मला ओळखता येणार नाही?

 त्यांची छाती वरखाली होत होती. डावा हात अजून हवेत होता आणि त्यावरचा तो वाकडा अंगठा उन्हात अगदी जवळून दिसत होता. दारात सापडलेलं बोट चेपतं. हे सांध्यात मोडून आत वळवल्यासारखं होतं. मी इतकी वर्षं त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

मी विचारलं, "बाबा, अंगठा कुणी मोडला?"

बराच वेळ ते ओठ जुळवत राहिले. मग एकेक शब्द बाहेर आला. "तुझ्या आजोबांनी. अडकित्त्यात धरून." थोडं थांबून म्हणाले, "पेढा घेतला होता."

सई आत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. खाली कुणीतरी जोरात मारलं, ठक. मी पलंगाखाली वाकून चेंडू काढला, शर्टाला पुसला आणि त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांची बोटं त्याच्याभोवती बसली, वाकडा अंगठासुद्धा. मग मी मागे जाऊन समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

"मारा," मी म्हटलं.

त्यांनी मारला. मी हात वर केला नाही.